छोट्या संस्थेत मॅनेजरची मुलाखत : हुबळी-धारवाडला अर्ज करणाऱ्यांसाठी

आपल्याकडची जी मुलं शेतकी किंवा एमबीए शिकून हुबळी-धारवाड भागात नोकरी बघतायत, त्यांच्यासाठी आजचा अभ्यास. तिथे सहकारी संस्था, सौहार्द संस्था, उत्पादक कंपन्या यांच्यात मॅनेजर किंवा सीईओची पदं निघतात. संस्था छोटी म्हणजे मुलाखत सोपी, असं समजून जाऊ नका.

आधी संस्था कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. कर्नाटकात १९५९ चा सहकारी संस्थांचा कायदा आहे, आणि १९९७ चा सौहार्द कायदा वेगळा. सौहार्दमध्ये सरकारी हस्तक्षेप कमी, संचालक मंडळाला मोकळीक जास्त. म्हणजे तुमची नेमणूक, पगार, बढती जवळजवळ सगळं त्या मंडळाच्या हातात.

तिसरा प्रकार उत्पादक कंपनी. ही कंपनी कायद्याखाली येते, आणि मत्स्यपालनाचं उत्पादनही यात बसतं. इथे पूर्णवेळ सीईओ नेमावाच लागतो आणि तो सभासदांपैकी असून चालत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर शेअर असेल तर ते आधीच सांगा, निवड झाल्यावर नव्हे. शिवाय सीईओ हा पदामुळे आपोआप संचालकही होतो. त्यामुळे कंपनीचे वार्षिक कागद वेळेवर गेले नाहीत तर विचारणा तुमच्यापर्यंत येऊ शकते. खुर्चीसोबत हे येतं, बरं का.

आता मुलाखत. समोर एचआरवाले नसतात, संचालक असतात. उत्पादक कंपनीत ते ५ ते १५ असू शकतात. कोणी तुमचा बायोडाटा वाचलेला असेल, कोणी नसेल. कोपऱ्यात गप्प बसलेले एखादे आजोबा असतात, त्यांच्याकडेही बघून बोला. निघताना "पोरगा कसा वाटला?" हे बऱ्याचदा त्यांनाच विचारलं जातं.

भाषा कन्नड. धारवाडात मराठी समजणारे पुष्कळ, तो भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तरी ओळख कन्नडमधून द्या, मोडकीतोडकी का असेना. "हौदु" ऐवजी "हौद्री" म्हटलंत की समोरचा माणूस जरा सैल होतो. तिथलं "री" म्हणजे आपलं "अहो, जी".

प्रश्न कसे येतात बघा.

"आमचे सभासद दोन रुपये जास्त मिळतात म्हणून दलालाला माल देतात. तुम्ही काय करणार?"

"सभासदांमध्ये जागृती करीन" हे उत्तर देऊ नका, ते ऐकून ऐकून सगळे कंटाळलेत. आपल्या बंदरावर काय होतं ते आठवा. मच्छी व्यापाऱ्याकडे जाते ती फक्त भावामुळे नाही. त्याने डिझेलला उचल दिलेली असते, तो पैसे लगेच देतो. तेव्हा असं बोला : "आधी दहा घरी जाऊन विचारीन की दलालाची उचल किती आहे. मग वजन सभासदासमोर, पावती जागेवर, आणि पैसे किती दिवसांत देता येतील ते संस्थेची शिल्लक बघून सांगीन." शिल्लक न बघता आश्वासन दिलं नाहीत, हे अनुभवी संचालकाला बरोबर कळतं.

"आमच्या टीमने केलं" हेही फार नको. छोट्या संस्थेत टीम म्हणजे तुम्ही, एक अकाउंटंट आणि काटा धरणारा. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

आणि तुम्हीही विचारा. इथेच मुलं लाजतात. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट बघायला मागा. चेकवर सह्या कोणाच्या? खरेदीचा भाव कोण ठरवतं, मॅनेजर की अध्यक्ष? आधीचा मॅनेजर का गेला? हे शेवटचं हळू आवाजात विचारा, पण विचारा. ऑडिट दाखवायला टाळाटाळ झाली तर माझ्या मते तिथे न जाणंच बरं.

पगाराचं नीट समजून घ्या. २०२० मध्ये केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. तिच्यात एका संस्थेला तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्चासाठी मिळतात, आणि त्यातून सीईओला महिना २५,००० रुपयांपर्यंत. अशा संस्थेत विचारायचा प्रश्न एकच : चौथ्या वर्षी माझा पगार कशातून निघणार? उलाढाल किती, त्यात संस्थेला सुटतं किती, हे आकडे तिथेच कागदावर मांडून बघा. संचालकांनाही ते आवडतं, कारण काही मंडळांनी तो हिशोब स्वतःही केलेला नसतो.

जाण्याआधी एक माहिती खिशात ठेवा. देशातली पहिली कृषी पतपुरवठा सहकारी संस्था १९०५ मध्ये कणगिनहाळला, सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने निघाली. गाव आज गदग जिल्ह्यात, तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं. तिथल्या सहकारातल्या माणसांना याचा अभिमान आहे. विषय निघाला तरच बोला, भाषण नको.

निवड झालीच तर तोंडी "या सोमवारपासून" वर हातातली नोकरी सोडू नका. मंडळाचा ठराव झाला का, त्याची तारीख काय, ते विचारा. नेमणूकपत्रात पगार, मुदत आणि सहीचे अधिकार लिहून घ्या. पत्र कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या.

कोणाच्या मुलाची किंवा मुलीची मुलाखत जवळ आली असेल तर कमेंटमध्ये कळवा, प्रश्नांची तयारी मिळून करू.