*टाय रॉड एक्सलच्या पुढे की मागे? बदल करण्याआधी हे वाचा*



आजचा सल्ला पिकाचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. बागेसाठी पुढची चाकं जवळ घेताना किंवा पॉवर स्टेअरिंग बसवताना काही ठिकाणी टाय रॉड मागचा पुढे घेतला जातो. आपल्या एका सभासदाच्या ट्रॅक्टरचं असंच झालं. एका हंगामात पुढचे दोन्ही टायर कडेने घासून गेले. टायर खराब निघाले असं वाटलं, पण चूक जोडणीत होती.

*दोन्ही चाकं सारखी वळत नाहीत*
वळताना आतलं चाक लहान गोल फिरतं, बाहेरचं मोठा. म्हणून आतलं चाक जास्त वळावं लागतं. ढोबळ हिशोब पाहा: पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये १.९ मीटर, दोन किंगपिनमध्ये १.२ मीटर अंतर आणि वळण ३ मीटर त्रिज्येचं असेल, तर आतलं चाक साधारण ३८ अंश आणि बाहेरचं २८ अंश वळायला हवं. हा १० अंशांचा फरक स्टेअरिंग आर्मच्या तिरकेपणातून येतो. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं.

*मागे असेल तर*
आर्म आतल्या बाजूला झुकलेले असतात. दोन्ही आर्मची रेघ मागे वाढवली तर ती मागच्या एक्सलच्या मध्याजवळ मिळते. दगड, धसकटं, बांध यांचा मार आधी एक्सल झेलतो, रॉड आडोशाला राहतो.

*पुढे असेल तर*
आर्म बाहेर, चाकाकडे झुकलेले लागतात. तिथे रिम आडवी येते, आणि चाकं जवळ घेतली की जागा आणखी कमी होते. शिवाय पहिला दणका रॉडलाच बसतो. कंपनीनेच पुढे दिला असेल तर काळजी नको, आर्म त्याच हिशोबाने बनवलेले असतात. घोळ होतो तो मागचेच आर्म नुसते उलटे फिरवून पुढे केले की. मग बाहेरचं चाक जास्त वळतं, आतलं कमी, आणि टायर जमिनीवर खरवडत जातो.

*घरच्या घरी तपासा* (एकच लांब टाय रॉड असेल तर)
१. दोन किंगपिनच्या मध्यांतलं अंतर मोजा. मग टाय रॉडच्या दोन्ही बॉल जॉइंटच्या मध्यांतलं मोजा. रॉड मागे असेल तर हे दुसरं माप कमी हवं, पुढे असेल तर जास्त.
२. सपाट जागेवर चाकं सरळ ठेवा. दोन्ही टायरच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर खडूची खूण करा. खुणांमधलं अंतर मोजा. ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे ढकला, खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात पाहा.

*इथेच गफलत होते:* रॉड मागे असेल तर तो लांबवल्यावर चाकांची पुढची बाजू आत येते. रॉड पुढे असेल तर लांबवल्यावर ती बाहेर जाते. एका ट्रॅक्टरवर शिकलेली सवय दुसऱ्यावर उलटी पडते. म्हणून आधी बघा, मग पाना लावा.

*हे करू नका*
• वाकलेला रॉड तापवून सरळ करणं, तुटलेला वेल्डिंग करणं. भरलेली ट्रॉली मागे असताना रॉड तुटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात. रॉड नवीनच टाका.
• चाकांचं अंतर बदलून रॉड तसाच ठेवणं. जेवढं एक्सल बदललं, तेवढा रॉडही बदलायला हवा. नंतर माप क्र. २ घ्या.
• ढिला बॉल जॉइंट "चालतंय" म्हणून सोडणं.

ज्यांनी स्टेअरिंगमध्ये बदल करून घेतलाय, त्यांनी पुढच्या एक्सलचा समोरून आणि खालून असे दोन फोटो याच नंबरवर पाठवा. ट्रॅक्टरखाली वाकण्याआधी इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी