सिगडीचे लाकडी टेबल : दुरुस्ती व निगा

कबाब-टिक्क्याचा धंदा करणारे आपले बांधव सिगडीची जेवढी काळजी घेतात, तेवढी तिच्या खालच्या टेबलाची घेत नाहीत. टेबल मोडले तर पेटती सिगडी गिऱ्हाईकाच्या अंगावर पडते. लाकडाने पेट घेतला तर दुकानही जाते. म्हणून या आठवड्यात टेबलाविषयी.

खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. घाटावरच्या ज्या पावसाच्या पाण्यावर येथे १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले, तोच पाऊस लाकडाचा शत्रू आहे. पावसाळ्यात फळ्या फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. त्यात सिगडीची धग, चरबी आणि मीठ. रमजान सध्या कोरड्या दिवसांत येतो. त्याआधी थंडीत दुरुस्ती उरकावी.

प्रथम टेबल उलटे करून पाहावे. टोच्या लाकडात सहज रुतला तर ती जागा कुजली आहे. जळका भाग पटाशीने चांगले लाकूड लागेपर्यंत खरवडावा. फळी पाव जाडीहून जास्त गेली असेल तर ती बदलावी. जुने सागवान उत्तम. पायाचे कुसू हलत असेल तर जुना सरस काढून, पाण्याला टिकणारा नवा सरस लावून वर लाकडी खुंटी मारावी. उष्णतेने सरस ढिला पडतो, खुंटी पडत नाही. दोन फळ्यांत एक सूत फट ठेवावी.

चरबी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढावी. टेबल सावलीत पूर्ण वाळू द्यावे. मग ८०, १२० व १८० नंबरचा पॉलिशपेपर रेषेच्या दिशेने फिरवावा. त्यावर अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यावा व पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यावे. पहिला हात वाळल्यावरच दुसरा, असे तीन हात पुरेत. लाखेचे पॉलिश येथे नको, ते धगीने मऊ होते व पाण्याने पांढरे पडते. गाडीचे काळे तेल तर खाण्याच्या जागी मुळीच लावू नये.

एक धोका ध्यानात ठेवा. अळशीच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास आपोआप पेट घेतात. ते पाण्यात भिजवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

मातीची वा चिनीमातीची सिगडी निखारे विझल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. रोजच्या धगीने लाकूड आतून कोरडे होते व पुढे कमी उष्णतेलाही पेटते. नुसती फरशी ठेवून भागत नाही, कारण फरशीही तापते. फरशीखाली विटांचे तुकडे ठेवून निदान दोन इंच हवा खेळती ठेवावी. तासाभराने खालच्या लाकडाला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर अंतर वाढवावे. तापल्या सिगडीवर पाणी ओतू नये, ती तडकते.

रोज रात्री सिगडी निवल्यावर राख झाडावी व टेबल पुसावे. ओली राख लाकूड खाते. पावसाळ्यापूर्वी व नंतर तेलाचा एकेक हात द्यावा. पाय जमिनीवर न टेकवता दगडावर ठेवावेत, म्हणजे ओल व वाळवी चढत नाही.

नव्या टेबलाचा खर्च पाहता वर्षातले हे दोन दिवस मोडणे फायद्याचेच आहे.