घराचा पाया : योजना व बांधणी



घर बांधावयास निघालेला मनुष्य दारें, खिडक्या, छप्पर व ओसरी यांचा विचार आधीं करितो. पायाचा विचार तो गवंड्यावर सोपवितो, आणि पैसा अपुरा पडूं लागला कीं पहिली काटछाट पायांतच करितो. कारण जें जमिनीखालीं गाडलें जावयाचें तें पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नाहीं.

हीच चूक आमच्या घरीं घडली. माझ्या वडिलांनीं आयुष्यभराच्या बचतींतून गांवाबाहेर, काळ्या रानालगत, दोन खोल्यांचें घर बांधिलें. पावसाळा तोंडावर आला होता. गवंडी म्हणाला, "दादा, आणखी दोन हात गेलों तर मुरूम लागेल." वडिलांनीं हातांतील पैसा मोजला आणि म्हणाले, "आहे तेथेंच दगड बसवा." दोन वर्षें कांहीं झालें नाहीं. तिसऱ्या उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत तिरपी भेग गेली. पावसाळ्यांत ती मिटल्यासारखी दिसे व पुढल्या उन्हाळ्यांत अधिक रुंद होई. वडील दरवर्षीं ती चुन्यानें बुजवीत. आई मात्र आम्हां भावंडांस त्या भिंतीजवळ निजूं देत नसे. सातव्या वर्षीं भिंत उतरवून पायासकट पुन्हा बांधावी लागली. त्या खर्चांत पहिला पाया दोनदां भरून झाला असता. त्या घरानें आम्हांस जें शिकविलें तें आज क्रमानें पाहूं.

१. पायाचें काम काय?

भिंती, छप्पर व आंत राहणारीं माणसें यांचा सर्व भार शेवटीं जमिनीवर येतो. तो भार जमिनीस सोसवेल इतक्या रुंदीवर पसरविणें हें पायाचें पहिलें काम. समजा, भिंतीच्या एक मीटर लांबीवर, पायाचें वजन धरून, सहा टन भार आहे. ज्या जमिनीस दर चौरस मीटरास दहा टन भार निर्धास्तपणें सोसवतो, तेथें पायाचा तळ साठ सेंटिमीटर रुंद पुरेल. जेथें पांचच टन सोसवतो, तेथें तोच तळ एक मीटर वीस सेंटिमीटर पाहिजे. घर तेंच, भिंत तीच. परंतु जमीन बदलली कीं पाया बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या पायाचें माप डोळे मिटून घेऊं नये.

दुसरें काम म्हणजे सर्व घर सारखें धरून ठेवणें. संबंध घर बोटभर समान खचलें तर बहुधा बिघडत नाहीं. एक कोपरा खचला व दुसरा तसाच राहिला म्हणजे भिंत फाटते. इटलीतील पिसा शहराचा मनोरा सर्वांनीं चित्रांत पाहिला असेल. त्याचें काम ११७३ सालीं सुरू झालें. पाया सुमारें तीनच मीटर खोल, आणि खालची जमीन मऊ व एका अंगास अधिक दबणारी. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम गेलें तोंच मनोरा कलूं लागला. आठशें वर्षांनंतर, १९९० सालीं, तो लोकांस बंद करावा लागला. उंच राहिलेल्या बाजूखालची माती हळूहळू काढून त्याचा कल कांहींसा कमी करण्यांत आला, व २००१ सालीं तो पुन्हा उघडला. संगमरवरांत दोष नव्हता. दोष खालीं होता.

२. जमिनीची पारख

जागा ठरली कीं निदान चारी कोपऱ्यांवर खड्डे घेऊन पाहावें. एका कोपऱ्यास मुरूम व दुसऱ्यास भराव असेल तर सावध व्हावें. जुन्या गांवठाणांत बुजविलेल्या विहिरी, उकिरडे व धान्याचीं पेवें जमिनीखालीं दडलेलीं असतात. पहार मारतांना एखादे ठिकाणीं ती सहज आंत गेली, किंवा पोकळ आवाज आला, तर तेथें खणून खात्री करावी. गांवांतील वृद्ध माणसांस विचारावें. कोठें काय होतें हें त्यांस ठाऊक असतें.

आपल्या दख्खनच्या पठारावर मोठा प्रश्न काळ्या मातीचा आहे. काळा कातळ झिजून झालेल्या ह्या मातींत असे सूक्ष्म कण असतात कीं ते आपल्या पापुद्र्यांमध्यें पाणी ओढून घेतात व फुगतात, आणि सुकले म्हणजे आकसतात. कपाशीस व ज्वारीस हीच माती वरदान. घरास मात्र ती स्वस्थ बसूं देत नाहीं. घराच्या मध्याखालची माती सावलींत ओलसर राहते, आणि कडेची माती पावसांत फुगते व उन्हांत आटते. त्यामुळें कोपरे वरखालीं होतात व तिरप्या भेगा पडतात. आमच्या घरची भेग दर ऋतूंत कां उघडझांप करी, याचें उत्तर हेंच.

ही पारख घरींही करितां येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळावी. दोन सारख्या, मापाच्या खुणा असलेल्या कांचेच्या नळ्या घेऊन प्रत्येकींत दहा ग्रॅम माती घालावी. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल ओतावें, ढवळून हवेचे बुडबुडे काढावे, व एक दिवस एक रात्र तशीच ठेवावी. रॉकेलांत ही माती फुगत नाहीं. रॉकेलांत ती आठ खुणांपर्यंत व पाण्यांत बारा खुणांपर्यंत बसली, तर ती निम्म्यानें फुगली असें समजावें. इतकी किंवा याहून अधिक फुगणारी माती असेल तर जाणत्या अभियंत्यास विचारल्यावांचून पाया घालूं नये. ही फुगवणी व आकसणी साधारणतः साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोंचते, हें ध्यानांत ठेवावें.

३. आंखणी

आंखणी चुकली तर पुढें कितीही कौशल्य दाखविलें तरी ती चूक भिंतीबरोबर वर चढते. प्रत्येक भिंतीची मध्यरेषा दोरीनें ताणावी व तिच्या खुंट्या चरापासून दूर ठोकाव्या, म्हणजे खोदतांना त्या उखडत नाहींत. काटकोन साधण्यास गवंड्याचा गुण्या लहान पडतो. म्हणून एका दोरीवर कोपऱ्यापासून तीन हात व दुसरीवर चार हात खूण करावी. दोहों खुणांमधील अंतर बरोबर पांच हात भरलें कीं कोपरा काटकोनांत आहे. मग घराचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले पाहिजेत. नंतर फक्कीनें चराच्या कडा आंखाव्या. भिंत पायाच्या मध्यावर यावी. ती एका कडेस सरकली तर भार एकीकडे पडून पाया कलतो.

४. खोदाई व भराई

पायाची खोली जमिनीपासून निदान पन्नास सेंटिमीटर, म्हणजे सुमारें पावणेदोन फूट, असावी. पण ही केवळ किमान मर्यादा आहे. घट्ट, न हललेला थर लागेपर्यंत जाणें हा खरा नियम. छातीइतका खोल चर झाल्यावर कडा ढांसळून माणूस दडपूं शकतो. तेथें फळ्यांचा आधार द्यावा, आणि काढलेली माती कडेवर न रचतां दूर टाकावी. चराचा तळ सपाट असावा. उतारावर तळ तिरपा न ठेवितां पायऱ्यांनीं खणावा. चुकून अधिक खोल गेलेला भाग सुट्या मातीनें भरूं नये, काँक्रीटनेंच भरावा. तळांत पाणी सांचून चिखल झाला असेल तर तो खरवडून काढावा.

तळावर पाणी शिंपडून धुम्मसानें ठोकावें. त्यावर एक भाग सिमेंट, चार भाग वाळू व आठ भाग खडी यांच्या काँक्रीटचा दहा ते पंधरा सेंटिमीटर थर द्यावा. वरील दगडी बांधकाम खालीं रुंद व वर अरुंद होत जावें. दगड त्याच्या रुंद पाठीवर बसवावा, उभा करूं नये. सांध्यावर सांधा येऊं देऊं नये. आणि ठराविक अंतरावर भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड घालावा. मधली पोकळी सुट्या चिपांनीं व मातीनें भरण्याची खोड पुष्कळ ठिकाणीं आहे. ती घातक आहे. बांधकामास निदान सात दिवस, आणि हल्लींच्या मिश्र सिमेंटास दहा दिवस, पाणी मारावें.

काळ्या मातींत मुरूम आवाक्यांतील खोलीवर असेल तर मुरुमावरच जावें. तो फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्यानें खांबांचा पाया करावा. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें यासाठीं एक प्रकार विकसित केला आहे. त्यांत गिरमिटानें खोल भोंक पाडून तळाशीं तें घुमटासारखें रुंद करितात. म्हणजे सळया व काँक्रीट भरल्यावर खांबाचा गोळा हालचाल न होणाऱ्या थरांत रुतून बसतो. खांबांवरील तुळई व माती यांच्यांत थोडी मोकळी जागा ठेवितात, म्हणजे माती फुगली तरी तुळईस उचलीत नाहीं. पायाच्या बाजूस व फरशीखालीं तीच काळी माती पुन्हा भरूं नये. थराथरानें मुरूम ठोकावा.

५. जोतें व पाणी

जोतें भोंवतालच्या जमिनीहून निदान दीड फूट उंच असावें. त्यावर घरभर अखंड फिरणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घालावा. तो सर्व भिंतींस एकत्र बांधितो, व नीट घट्ट केलेला असला तर ओल वर चढूं देत नाहीं. घराभोंवतीं मीटरभर रुंदीची, बाहेर उतरती फरसबंदी करावी. मोरीचें पाणी भिंतीच्या मुळाशीं मुरूं देणें म्हणजे आपल्याच हातानें पाया उकरणें होय. पिंपळ, वड, निंब यांसारखीं मोठीं झाडें भिंतीस लागून लावूं नयेत. त्यांचीं मुळें एकाच बाजूची ओल शोषून घेतात.

६. पायाची मर्यादा

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरांत, भूकंप झाला व हजारों माणसें झोंपेंत दगावलीं. तेथील भिंती जाड दगडांच्या, पण मातींत रचलेल्या होत्या. दोन्ही अंगांस सांधणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते, आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचें जड ओझें होतें. भिंतीचीं दोन अंगें सुटून कोसळलीं. म्हणून पाया उत्तम झाला कीं घर सुरक्षित झालें असें समजूं नये. पाया, भिंत व छप्पर एकमेकांस बांधलेलीं असावीं.

खडकावरील व वाळूवरील दोन घरांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. लूकच्या वृत्तांत एक बारकावा आहे, तो असा कीं खडक लागेपर्यंत त्या मनुष्यास खोल खणावें लागलें. म्हणजे खडक अंगणांत उघडा पडलेला नव्हता. त्यासाठीं घाम व पैसा खर्च झाला. आमच्या वडिलांस मुरूम दोनच हातांवर होता. उतारवयांत, कोणी शेजारी घर बांधावयास काढी, तेव्हां ते काठी टेकीत तेथें जात, चरांत डोकावत, आणि विचारीत, "मुरूम लागला का?"

उजळणीचे प्रश्न

१. जमीन बदलली म्हणजे पायाची रुंदी कां बदलते? उदाहरणानें सांगा.
२. आपल्या गांवांत भेग पडलेली एखादी भिंत पाहा. भेग उभी आहे कीं तिरपी? कोणत्या ऋतूंत ती रुंद होते?
३. तीन, चार व पांच हातांच्या मापानें अंगणांत काटकोन आंखून दाखवा.
४. आपल्या घरच्या मोरीचें पाणी कोठें जातें, तें ह्याच आठवड्यांत पाहून ठेवा.