रताळ्यांचें वाळवण: कुरकुरीत काप घरच्या घरीं



माघ महिना सरत येतो आणि महाशिवरात्र जवळ येते, तेव्हां रताळ्यांस एकाएकीं मागणी येते. आपले हिंदु शेजारी त्या दिवशीं उपवास करितात व उपवासास रताळें चालतें. म्हणून कर्जत-खालापुरांतून मुंबईकडे जाणाऱ्या पाट्यांस चार दिवस बरा भाव मिळतो. शिवरात्र उलटली कीं तोच माल कोणी विचारीत नाहीं. ज्याचीं रताळीं त्या आठवड्यांत विकलीं गेलीं नाहींत, तो तीं मिळेल त्या किंमतीस देऊन टाकतो, नाहीं तर घरांत ढीग घालून ठेवतो. चैत्राच्या उष्म्यानें त्यांस कोंब फुटतात, सुरकुत्या पडतात, भुंगा लागतो. आणि पुढें आषाढ-श्रावणांत, घरांत खरोखर खाण्याची वाण पडते तेव्हां, त्या ढिगांतलें एकही रताळें उरलेलें नसतें. तो ढीग माघ-फाल्गुनाच्या उन्हांत वाळवून पावसाळ्यापर्यंत नेतां येतो, आणि मुलें आवडीनें खातील असा कुरकुरीत खाऊ त्यांतून होतो, हें ह्या लेखांत दाखवावयाचें आहे. काम सोपें आहे. पण दोन-तीन जागीं चुकलें तर सगळा माल चिवट होतो किंवा बुरसतो, म्हणून त्या जागांचीं कारणें नीट समजून घ्यावीं.

रताळें हें आपल्या देशाचें मूळचें नव्हे. तें अमेरिका खंडांतलें असून पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून इकडे आलें. जुन्या शास्त्रकारांनीं जें डोळ्यांनीं पाहिलेंही नव्हतें तें आज उपवासाचें मुख्य अन्न होऊन बसलें आहे, ही मौजेची गोष्ट खरी. तें असो. रायगडांत थंडीच्या दिवसांत मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांबरोबर रताळीं भाजतात. ती पोपटी ज्यानें एकदां खाल्ली त्यास रताळ्याची थोरवी सांगावयास नको. आमच्या नद्यांचेंही ह्या पिकास साह्य आहे. खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं टाटांचीं वीजघरें सुरू झालीं, तेव्हांपासून त्यांतून सुटलेलें पाणी पाताळगंगा व उल्हास ह्या नद्यांत उन्हाळ्यांतही वाहतें. ज्याचें शेत किंवा परस त्या पाण्याच्या जवळ आहे त्यास भात निघाल्यावर वेल लावतां येतात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठानें, जें १९७२ सालीं स्थापन झालें, ‘कोकण अश्विनी’ नांवाची जात कोंकणाकरितां काढली आहे. ती साडेतीन महिन्यांच्या सुमारास तयार होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ताज्या रताळ्याच्या दहा भागांत सुमारें सात भाग पाणी असतें. तें पाणी काढणें हें अर्धें काम. काढलेलें पाणी हवेंतून परत शिरूं न देणें हें उरलेलें अर्धें. साल व खराब भाग टाकून दहा किलो रताळ्यांचे साधारणपणें अडीच ते तीन किलो काप पदरांत पडतात. ह्याहून पुष्कळ अधिक भरले तर आनंद मानूं नये. आंत पाणी राहिलें आहे असें समजावें.

वाळविण्याकरितां रताळीं खणल्यापासून आठवड्याच्या आंत घ्यावीं. जितकीं तीं पडून राहतात तितकी त्यांतील पिठाची साखर होत जाते; उकडून खावयास तें चांगलें, पण असे काप तळतांना आंत शिजण्यापूर्वींच बाहेरून करपतात. भुंगा लागलेलीं रताळीं तर मुळींच घेऊं नयेत. हा किडा मुंगीसारखा दिसतो. पाठ काळसर निळी, मान व पाय तांबूस. त्याची अळी आंत पोखरीत जाते आणि रताळें त्या जखमेभोंवतीं कडू रस तयार करितें. तो कडूपणा शिजवून किंवा वाळवून पुरता जात नाहीं. पुष्कळ घरीं असा टाकाऊ माल गुरांपुढें टाकतात. हें फार धोक्याचें आहे. बुरशीनें सडलेलीं रताळीं खाऊन गुरांच्या फुफ्फुसांस इजा होते, त्यांस धाप लागते, आणि कित्येक दगावतात. दोन पाट्या सडलेल्या रताळ्यांपायीं बैल गमावणें कोणास परवडेल? तीं खड्ड्यांत पुरावीं.

रताळीं धुऊन, साल खरवडून, त्यांचे गोल काप करावे. जाडी दोन मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे साध्या कांचेच्या बांगडीइतकी असावी. त्याहून अधिक महत्त्वाचें हें कीं सगळे काप सारखे असावे. एक जाड व एक पातळ असेल तर पातळ वाळून जाड ओला राहतो, आणि त्या एका ओल्या कापामुळें सबंध डब्याला बुरशी येते. विळीपेक्षां बटाट्याचे वेफर करण्याची किसणी बरी. काप चिरतांच मिठाच्या पाण्यांत सोडावे, नाहीं तर चीक व हवा लागून ते काळे पडतात.

त्यानंतरचें काम पुष्कळ जण टाळतात, आणि तेथेंच चुकतात. मोठ्या पातेल्यांत पाणी खळखळ उकळूं द्यावें, मीठ घालावें, आणि थोडे थोडे काप त्यांत टाकून दोन ते तीन मिनिटांत बाहेर काढावे. काप वांकवला असतां न मोडतां वांकावा, पण बोटांनीं कुसकरूं नये, इतपत ते झाले पाहिजेत. ह्याचें कारण असें. कच्च्या रताळ्यांतील पिठाचे कण बंद डबीसारखे असतात. तसेंच वाळविलें तर काप खड्यासारखा दगडी होतो व रंगही काळवंडतो. उकळत्या पाण्यांत हे कण फुगून एकजीव होतात. मग वाळल्यावर काप कांचेसारखा कडक होतो व तापलेल्या तेलांत फुलतो.

पण ह्याच्या उलटही चूक होते. कोणी सबंध रताळें मंद आंचेवर मऊ उकडून मग त्याचे काप वाळत घालतात. हळूहळू तापतांना रताळ्यांतील पिठाची मोठ्या प्रमाणावर साखर होते, आणि साखर हवेंतील ओल ओढून घेते. असे काप गोड लागतात, पण चामड्यासारखे चिवट राहतात. कितीही ऊन दिलें तरी त्यांतून आवाज निघत नाहीं. जपान देशांत इबाराकी प्रांतीं लोक मुद्दाम अशा रीतीनेंच रताळीं वाफवून वाळवितात, कारण त्यांस मऊ व गोडच हवीं असतात. युगांडांतील तेसो लोक कच्चेच काप वाळवून टंचाईच्या महिन्यांसाठीं ठेवतात व पुढें शिजवून खातात. त्यास ते अमुकेके म्हणतात. तिन्ही रीती आपापल्या जागीं योग्य आहेत. आपणांस काय हवें तें आधीं ठरवावें. कुरकुरीत हवे असतील तर पाणी उकळतें असावें आणि वेळ थोडा असावा.

वाळविण्याचा काळ मार्गशीर्षापासून होळीपर्यंतचा चांगला. पुढें ऊन कडक होतें खरें, पण समुद्राकडून दमट वारा येऊं लागतो, आणि वैशाखांत वळवाच्या सरीचा भरंवसा नसतो. थंडीचाही एक दोष आहे: नदीकांठच्या वाड्यांत रात्रीं दव पडतें आणि पहांटे धुकें असतें. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वींच काप उचलून घरांत घ्यावे व धुकें विरल्यावर पुन्हां घालावे. दिवसभर वाळलेला काप एका रात्रींत बाहेर राहिला तर दुपारपर्यंतचें ऊन वायां जातें. जमिनीवर न पसरतां खाटेवर किंवा कारवीच्या तट्ट्यावर कापड घालून पसरावे, म्हणजे खालूनही वारा लागतो. वर पातळ फडकें असावें. माशा, धूळ, आणि जवळपास वीटभट्टी असल्यास तिची राख ह्यांपासून तें वांचवितें. केशरी गराच्या रताळ्यांस तर तें अवश्यच पाहिजे. त्यांच्या रंगापासून आपल्या शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व तयार होतें व तें डोळ्यांस उपयोगी पडतें. ह्या गुणाची रताळीं आफ्रिकेंत पसरविणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांस २०१६ सालीं जागतिक अन्न पुरस्कारांत वांटा मिळाला. आपल्या देशांत ‘भू सोना’ ही तशीच जात आहे. पण उघडें ऊन हा रंग उडवितें व त्याबरोबर गुणही जातो. पांढऱ्या गराच्या रताळ्यांत हा गुण जवळजवळ नसतोच, हेंही लक्षांत ठेवावें.

दोन-तीन दिवसांच्या चांगल्या उन्हांत काप वाळतात. परीक्षा सावलींत, काप गार झाल्यावर करावी. उन्हांत तापलेला काप पुरता वाळला तरी किंचित् वांकतोच, आणि ओला काप वरून कोरडा भासतो. गार काप मोडतांना ‘कट्’ असा आवाज होऊन स्वच्छ दोन तुकडे झाले पाहिजेत. मग ते घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावे, पण गरम असतां नव्हे. पहिला आठवडाभर रोज डबा हलवून पाहावा. काप एकमेकांस चिकटले किंवा झांकणाच्या आंत दमट दिसलें तर पुन्हां एक दिवस ऊन द्यावें. कोरडे भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी आंत ठेविल्यास थोडी ओल ती घेते. एक मोठा डबा भरण्यापेक्षां चार लहान भरावे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. श्रावणांत मोठा डबा रोज उघडला तर आठ दिवसांत सगळाच माल सादळेल.

आतां थोडा हिशेब. समजा, एका घरीं शंभर किलो रताळीं निघालीं. साठ किलो शिवरात्रीच्या भावानें विकावीं, चाळीस वाळवावीं. त्यांचे साधारण दहा किलो काप झाले. तीन मुलांस मिळून रोज शंभर ग्राम दिले तरी शंभर दिवस पुरतात, म्हणजे आषाढ, श्रावण व भाद्रपद सरून वर कांहीं दिवस. हे तेच महिने होत, कीं ज्यांत कातकरी कुटुंबें पोटासाठीं वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्यास मुलांबाळांसह घर सोडून जातात. दहा किलो कापांनीं ती उचल टळेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण रिकाम्या हातानें मागणाऱ्यापेक्षां ज्याच्या घरांत कांहीं आहे तो दोन आठवडे थांबूं शकतो, आणि कमी रक्कम घेऊं शकतो. ज्या घरास जमीन नाहीं त्यानें शिवरात्रीनंतर पडलेल्या भावानें दोन पाट्या विकत घेऊन हेंच करावें. मात्र रताळें हें पूर्ण अन्न नव्हे. त्यांत अंग भरण्याचें सत्त्व थोडें. त्याबरोबर वाल, डाळ किंवा सुकट ही पाहिजेच.

खावयाच्या वेळीं तेल चांगलें तापवून काप थोडे थोडे सोडावे. कांहीं क्षणांतच ते फुलतात. सोनेरी होतांच काढावे, तांबूस होण्याची वाट पाहिली तर कडू लागतात. तेल महाग वाटल्यास लोखंडी कढईंत जाडें मीठ तापवून त्यांत काप परतावे व चाळून घ्यावे. मीठ-तिखट वरून लावावें, आधीं लावलेलें मीठ ओल धरतें. नेरळास माथेरानच्या गाडीसाठीं उतरणारे प्रवासी असे पदार्थ घेतात. परंतु विकावयाचें असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणें लहान धंद्यासही नोंदणी लागते. ती बचत गटाच्या नांवानें करून घेणें सोयीचें पडतें.

पावसाळ्यांत सादळलेले, पण वास व रंग न बदललेले काप तव्यावर मंद आंचेनें पांच-सात मिनिटें परतून गार केले कीं पुन्हां कुरकुरीत होतात. ज्यांस कुबट वास येतो किंवा काळे-हिरवे ठिपके दिसतात ते मात्र धुऊन, तळून किंवा कोंबड्यांस घालून वांचविण्याचा प्रयत्न करूं नये. तो डबा सगळा रिकामा करावा, कढत पाण्यानें धुऊन चुलीजवळ कोरडा करावा, आणि मगच दुसऱ्या डब्यांतले काप त्यांत भरावे.