भरतीचं ग्राउंड आणि प्रोटीनचा डबा

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी तालुक्याच्या गावांतल्या रस्त्यांवर पहाटे साडेचारलाच मुलंमुली पळताना दिसू लागतात. अकॅडमीत नाव घालून महिना होतो न होतो, तोच घरी मागणी येते: व्हे प्रोटीनचा डबा हवा. एक किलोचा बरा डबा अडीच-तीन हजारांच्या खाली सहसा मिळत नाही आणि रोज एक स्कूप धरला तर तो महिन्याभरात संपतो. दुधाच्या बिलावर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा खर्च लहान नाही. म्हणून आईवडील विचारतात, ‘डबा घेऊन दिला नाही तर पोरगं मागं पडेल का?’ आणि पोरगं विचारतं, ‘पळायच्या आधी घ्यायचा की नंतर?’

आईवडिलांचं उत्तर आधी देतो. मागं पडणार नाही. रोजच्या ताटात प्रथिनं पुरेशी असतील, तर डब्यावाचून एकही गुण जाणार नाही. ताटात ती कमी पडत असतील, तर आधी ताट सुधारायचं आणि तरीही तूट उरली तर डब्याचा विचार करायचा. ‘आधी की नंतर’ हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे.

घरी पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, ती निवळी. आपल्याकडे त्यात कणीक भिजवायची पद्धत आहे. व्हे म्हणजे हीच निवळी. चीज बनवणाऱ्या कारखान्यांत ती गाळून, तिच्यातलं प्रथिन वेगळं करून वाळवतात. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. व्हे लवकर पचतं आणि त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. व्यायामानंतर स्नायूंच्या दुरुस्तीचं काम सुरू करण्यात ल्युसिनचा वाटा मोठा आहे, म्हणून खेळाडूंमध्ये व्हेचं नाव झालं. ते औषध नाही, जादू नाही आणि विषही नाही. तो दुधाचाच एक भाग आहे. ‘कॉन्सन्ट्रेट’ हा त्याचा स्वस्त प्रकार, त्यात थोडी दुधाची साखर राहते. ‘आयसोलेट’ अधिक गाळलेलं आणि महाग असतं. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं, त्यांना आयसोलेट त्यातल्या त्यात सोसतं. बाकीच्यांनी त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आता हिशेब. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगते. म्हणजे ६० किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम. रोज पळणाऱ्या आणि वजनं उचलणाऱ्याची गरज याहून जास्त असते. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने २०१७ साली नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.४ ते २ ग्रॅमचं प्रमाण सांगितलं. भरतीच्या मुलाने १.४ ते १.६ धरावं, म्हणजे ८५ ते ९५ ग्रॅम. हा आकडा ऐकून आई घाबरते. पण अर्धा लिटर गाईच्या दुधात १६ ग्रॅम, तीन अंड्यांत १८, दिवसभराच्या चार-पाच ज्वारीच्या भाकरीत मिळून २५ च्या आसपास, मूठ-दीड मूठ कोरड्या मटकीच्या उसळीत १५, घट्ट वरणाच्या वाटीत ८-९, मूठभर शेंगदाण्यांत ७ आणि वाटीभर दह्यात ३. बेरीज ९० च्या वर जाते. अंडी खात नसाल तर ४० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे २० ग्रॅम प्रथिन देतात आणि ते सगळ्यांत स्वस्त पडतात. कोकणातल्या घरात बांगडा असेल तर प्रश्नच मिटतो.

पैशाचा हिशेबही करून बघा. एका स्कूपमधल्या २४ ग्रॅम प्रथिनाला ९०-१०० रुपये पडतात. तेवढंच प्रथिन चार अंडी देतात, निम्म्याहून कमी पैशांत.

मग डबा कोणाला? अकॅडमीच्या होस्टेलवर राहणाऱ्याला, ज्याच्या मेसमध्ये आमटीत डाळ शोधावी लागते. सकाळी ग्राउंड, लगेच क्लास, मग एखादी नोकरी, अशा मुलाला, ज्याला दुपारी दोनपर्यंत चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळत नाही. अंडी-मांस न खाणाऱ्या आणि कडधान्यं फार न पचणाऱ्या मुलामुलींना. यांच्यासाठी व्हे ही सोय आहे आणि परवडत असेल तर ती जरूर वापरावी. पण पालकहो, अकॅडमी निवडतानाच मेस बघा. निकालांच्या फ्लेक्सवरचे फोटो बघण्याआधी स्वयंपाकघरात जा, आठवड्याचं जेवण विचारा. तिथलं वरण घट्ट असेल, तर निम्मी चिंता तिथेच सरली.

आता वेळ. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर सगळी मेहनत वाया, असं जिममध्ये ठासून सांगतात आणि त्या भीतीवरच डबे खपतात. २०१३ साली ब्रॅड शोएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. दिवसभरातलं एकूण प्रथिन सारखं धरलं, तेव्हा या ‘अर्ध्या तासा’चा वेगळा फायदा उरला नाही. पुढे २०१७ मध्ये त्याच संशोधकाने व्यायामाआधी आणि व्यायामानंतर घेणाऱ्यांची तुलना केली. ताकदीत आणि स्नायूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. व्यायामाचा स्नायूंवरचा परिणाम पुढे दिवसभर टिकतो, त्यामुळे इतकी घाई करायचं कारण नाही.

म्हणून घड्याळाऐवजी आपला दिवस बघून ठरवा. पहाटे पाचला ग्राउंड असेल तर आधी व्हे पिऊन पळू नका, पोटात डचमळतं. एखादं केळं किंवा दोन खजूर पुरे. साडेसातला घरी येऊन आठला अंडी-भाकरी किंवा उसळ-पोळी मिळणार असेल, तर व्हेची गरजच नाही. ग्राउंडवरून थेट क्लासला जाणार असाल आणि जेवण बाराला असेल, तर ग्राउंड संपल्यावर एक स्कूप पाण्यात किंवा दुधात घ्या आणि सोबत केळं किंवा गुळाची पोळी खा. संध्याकाळी वजनांचा व्यायाम असेल आणि दुपारचं जेवण होऊन चार-पाच तास उलटले असतील, तर तासभर आधी अर्धा स्कूप घेतलात तरी चालतं. एका वेळी वजनाच्या किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला १५ ते १८ ग्रॅम प्रथिन पुरतं. एक पूर्ण स्कूप तर भरपूर झाला. दोन-तीन स्कूप एकदम घेतल्याने स्नायू दुप्पट वेगाने वाढत नाहीत. त्यापेक्षा प्रथिनं दर तीन-चार तासांनी थोडी थोडी विभागून घ्या. आपल्या घरांत सगळं प्रथिन रात्रीच्या जेवणात आणि सकाळी नुसते पोहे, अशी वाटणी असते. पोह्यांवर शेंगदाणे वाढवले, सोबत एक पेला दूध किंवा दोन अंडी आली, की ती सुधारते. सुट्टीच्या दिवशीही शरीर दुरुस्तीचं काम करत असतं, त्या दिवशीचं प्रथिन कमी करू नका.

आणखी एक गोष्ट भरतीच्या मुलांना कळकळीने सांगावीशी वाटते. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात: मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. सोळाशेचे पूर्ण गुण ५ मिनिटं १० सेकंदांत, आठशेचे २ मिनिटं ५० सेकंदांत. पाच मिनिटांचं पळणं बहुतांश दमसासाचं काम आहे. हृदय किती रक्त ढकलतं, फुप्फुसं किती ऑक्सिजन घेतात आणि पाय त्यातला किती वापरतात, यावर ते ठरतं. तिथे दंड फुगवून चार-पाच किलो वजन वाढवलेला मुलगा स्वतःचंच ओझं घेऊन पळतो. तरीही जिमचे व्हिडिओ बघून मुलं भात-भाकरी सोडतात आणि डब्यावर भर देतात. पळायला लागणारी साखर स्नायूंत साठते ती भात, भाकरी, रताळं, केळं यांतून. ती बंद केली की तिसऱ्या राउंडला पाय जड होतात आणि मुलाला वाटतं, प्रोटीन कमी पडलं. भाकरी सोडू नका. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आहे, त्याला ताकद लागते हे खरं. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम आणि फेकीचं तंत्र एवढं त्याला पुरतं, शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी लागत नाही.

मुलींच्या आयांनी डब्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळतं. हिमोग्लोबिन नऊ-दहावर असलेली मुलगी कितीही व्हे प्यायली तरी आठशेला धापा टाकणारच. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह हवं.

‘किडनी खराब होईल का?’ हा प्रश्न दर सभेत येतो. निरोगी मूत्रपिंडांना इतक्या प्रथिनाने इजा होते असं दिसलेलं नाही. पण मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, घरात तसा इतिहास असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. १८ वर्षांखालच्या मुलांना ताटच पुरेसं आहे.

डब्यात नेमकं काय आहे, ही खरी काळजी. २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातल्या बाजारातले ३६ प्रोटीन डबे तपासल्याचा अभ्यास आला. जवळपास ७० टक्के डब्यांवर प्रथिनाची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीचं विष व कीटकनाशकांचे अंश सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनेही स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं. म्हणून घ्यायचाच असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि मुदत बघून घ्या. घटकांची यादी जितकी आखूड तितकं चांगलं. ‘मास गेनर’ला हात लावू नका, त्यात बहुतेक करून साखरेसारखी पिष्टमय भुकटी असते. ज्या प्रशिक्षकाला डब्यामागे कमिशन मिळतं, त्याचा आहारसल्ला घेऊ नका. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांनी तर दुप्पट सावध राहावं. डोपिंगच्या नियमांत शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, ते भेसळीच्या डब्यातून आलं असलं तरीही. खेळाडू कोट्यातून नोकरीची वाट धरलेल्याला असा एक अहवाल सगळं गमवायला लावू शकतो.

आणि इंजेक्शन. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठीचं औषध. ते दम वाढतो म्हणून जिममध्ये आणि भरतीच्या मुलांत चोरून विकलं जातं. ते हृदयाची गती आणि रक्तदाब चढवतं, सवय लावतं आणि जीवही घेऊ शकतं. मुलाच्या सामानात सिरिंज दिसली तर ओरडण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. डब्यावर रागावणारे पालक इथे गप्प राहतात, कारण त्यांना हे माहीतच नसतं.

या सगळ्या वाचनात ज्याला ग्रॅमचा हिशेब आणि लेबलवरची यादीच जास्त आवडली, त्या विद्यार्थ्यासाठी करिअरची दारंही याच विषयात आहेत. बारावी विज्ञाननंतर अन्न व पोषण विषयात बी.एस्सी., पुढे एम.एस्सी. आणि रुग्णालयातली इंटर्नशिप करून इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ परीक्षा देता येते. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि निर्मला निकेतन इथे या विषयाची जुनी परंपरा आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत आले. गणित-रसायन आवडत असेल तर दुग्धतंत्रज्ञानाचं बी.टेक. बघा. पुसदजवळ वरूडला आणि उदगीरला त्याची शासकीय महाविद्यालयं आहेत. व्हे बनतं ते याच शास्त्रातून. भरतीची तयारी करतानाही पदवी चालू ठेवा. एका जागेमागे किती अर्ज येतात हे तुम्ही जाणताच, आणि वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही.

शेवटी ग्राउंडच्या दिवसाचं. मुलं रात्रभर एसटीने येतात, स्टँडवर नाहीतर फुटपाथवर पडतात आणि पहाटे पाचला रांगेत उभी राहतात. त्या दिवशी कुठलंही नवं पेय, नवी पावडर, मित्राने दिलेली पुडी घेऊ नका. आदल्या रात्री घरून नेलेली भाकरी-भाजी किंवा साधा वरणभात खा, फार तिखट नको. पळण्याच्या दोन-तीन तास आधी दोन केळी किंवा एक शेंगदाण्याचा लाडू खा आणि पाणी घोट घोट प्या. नंबर लांबला तर तासाभराने खजूर खा. व्हे नेलं असेल तर तिन्ही प्रकार आटोपल्यावर, परतीच्या गाडीआधी प्या, कारण त्यानंतर जेवण कधी मिळेल याची खात्री नसते.