डबक्यातलं गुलाबी गूढ

प्रश्न : मोठ्या ओहोटीला खडपांवर गेलं की डबक्यांच्या तळाशी गुलाबी रंग फासल्यासारखा पातळ थर दिसतो. नखाने खरवडला तरी सुटत नाही. त्याच डबक्यात बोटभर उंचीचे, सांधेदार गुलाबी झुपकेही असतात. मुलगी म्हणते, दोन्ही पोवळंच. खरं काय? आणि यांची नावं काय? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : पोवळं नव्हे, दोन्ही शैवालंच. लाल शैवालांतला हा एक गट पेशींच्या भित्तींत चुना साठवतो, म्हणून हाताला दगडासारखा लागतो. यांना कोरलाइन शैवालं म्हणतात. वाळलेल्या तुकड्यावर लिंबू पिळलंत तर फसफसेल. पण पोवळंही फसफसतं, तेव्हा एवढ्यावर मुलीची समजूत पटायची नाही. तिच्या हातात भिंग द्या. पोवळ्यात बारीक प्राणी बसतात त्या जागा दिसतात. इथे तसं काही नाही. फार तर टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे असतात आणि त्यांच्या माथ्यावर बारीक भोक. बीजाणू तिथून बाहेर पडतात.

मुलीची चूक मात्र मोठ्या माणसांच्या पंगतीतली आहे. लंडनच्या जॉन एलिसने १७५५ साली हे प्राणीच आहेत असं ठासून मांडलं, आणि लिनियसनेही १७५८ साली त्यांना प्राण्यांतच बसवलं. निवाडा लागला तो १८३७ मध्ये. फिलिपी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने ही वनस्पतीच असल्याचं दाखवून दिलं.

वनस्पती ठरली, पण कोणती? खरा घोळ इथून सुरू होतो. एकच जात सपाट खडकावर पापुद्र्यासारखी पसरते, कुठे तिच्यावर चामखिळीसारखे फुगवटे येतात, कुठे ठेंगण्या फांद्या फुटतात. तुकडा सुटून प्रवाहाबरोबर गडगडत राहिला तर चहूबाजूंनी वाढून त्याचा गोळा होतो. कॅरिबियन समुद्रातल्या लिथोफायलम या कोरलाइनच्या एका जातीला फांद्या फुटणार की खुंटणार, हे लाटांचा जोर आणि पोपटमाशांचं चरणं यांवर ठरतं. म्हणजे आकार बराचसा जागेचा, घराण्याचा थोडा.

हे ध्यानात न घेता नावं देत सुटलं की काय होतं, ते नॉर्वेत दिसतं. मिकाएल फॉस्ली हा आधी तारमास्तर होता, पुढे ट्रॉन्डहाइमच्या संग्रहालयात अभिरक्षक झाला. १९०९ मध्ये तो वारला तोवर त्याने कोरलाइनांच्या शेकडो जाती आणि उपप्रकार नोंदवून ठेवले होते. त्याला हसण्याचं कारण नाही. जगभरून पेट्या भरभरून नमुने येत होते आणि प्रत्येक नमुना खरोखरच वेगळा दिसत होता. त्याने ते जपून ठेवले, हे आपल्यावर उपकारच. आकारांच्या वर्णनाचा बाजार मात्र इतका वाढला, की १९९३ मध्ये वोल्कर्लिंग, अर्व्हाइन आणि हार्वी या तिघांनी हजारो नमुने पाहून बिनसांध्याच्या कोरलाइनांसाठी दहाच आकार ठरवून दिले. वर बजावलं, की हे दहाही एकमेकांत मिसळत जातात, मधली रेघ कुठेच नाही.

मग वर्गीकरण करायचं कशावर? पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. शेजारच्या पेशी मधली भिंत विरघळवून एकजीव होतात, की बारीक खळग्यांनी जोडल्या जातात? बीजाणूंच्या कोठीला, म्हणजे त्या उंचवट्याला, एकच भोक आहे, की झाकणभर भोकं? या खुणा बऱ्याच भरवशाच्या निघाल्या, पण त्याही सगळीकडे पुरल्या नाहीत. आता शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ नमुन्यांतून डीएनए काढून नावं पडताळतात, त्यांत फॉस्लीचेही नमुने आहेत. कित्येक किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं भलत्याच जातीला भलतं नाव चिकटलेलं होतं, हे त्यातून उघड झालं. सांध्यांचंही तेच. सांधे असलेली आणि नसलेली असे सरळ दोन गट पाडायची जुनी सोय होती. ती मोडली, कारण सांधे या कुळात एकदाच आलेले नाहीत. निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले. उलटही घडतं: उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काही पापुद्र्यांना २०१६ मध्ये क्रस्टिकोरॅलिना ही नवी प्रजाती मिळाली. त्यांना एकही सांधा नाही, पण नातं सांधेवाल्या कोरालिनाशी.

आता तुमचं डबकं. आपल्याकडचे असे झुपके बहुतेक अँफिरोआचे किंवा जानियाचे असतात. केसासारखे बारीक आणि पुन्हा पुन्हा दुभंगत गेलेले असतील तर जानिया म्हणा. कांड्या जाड आणि ठसठशीत असतील तर अँफिरोआ. दोन्ही हलकेच वाकवून पाहा: कांडी वाकत नाही, सांधा वाकतो, कारण सांध्यात चुना नसतो. जानियाच्या सांध्यात लांब पेशींचा एकच थर असतो. अँफिरोआची बांधणी वेगळी. अँफिरोआचं जवळचं नातं आहे लिथोफायलमशी, आणि लिथोफायलमच्या पुष्कळ जाती पापुद्र्यासारख्याच वाढतात. तेव्हा तुमच्या डबक्यातला अँफिरोआचा झुपका शेजारच्या जानियापेक्षा तळाच्या त्या रंगालाच जवळचा असू शकतो.

त्या रंगाचं नाव फोटोवरून सांगणं म्हणजे थाप मारणं. दगडासकट नखाएवढा तुकडा छिन्नीने काढून, सिलिका जेलमध्ये कोरडा करून शैवालाच्या अभ्यासकाकडे द्यावा लागेल. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत असाल, तर त्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.