हेलियम कोठें सांपडला ?

मूलद्रव्यांचा पाठ चालू असतां यंदा आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, हेलियम आपल्या विजयदुर्गावर सांपडला असें माझे मामा सांगतात. हें खरें काय ?" मामांनीं त्याला किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' दाखविले होते. वर्गांत टाळ्या पडल्या. आम्हांस मात्र लगेच उत्तर देववेना. महाराष्ट्राच्या भूमीला असा मान मिळाल्यास तो कोणास नको आहे ? परंतु मान घेण्यापूर्वीं सनावळी पाहावी लागते. ती पाहून जें उत्तर दिलें तें पालकांच्याही कानीं जावें म्हणून येथें विस्तारानें देतों.

प्रथम मूळ गोष्ट. चिमूटभर मीठ स्पिरिटच्या दिव्यावर टाकलें म्हणजे ज्योत पिवळी होते. ती ज्योत वर्णपटदर्शकांतून पाहिली तर दोन पिवळ्या रेषा अगदीं लगत दिसतात. त्या मिठांतील सोडियमच्या होत. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. हें बुन्सेन व किर्खोफ या जर्मन पंडितांनीं दाखविलें आणि त्याच युक्तीनें १८६० सालीं सीझियम व १८६१ सालीं रुबिडियम हीं नवीं द्रव्यें शोधून काढलीं. एकाचें नांव आकाशी रंगावरून व दुसऱ्याचें गडद तांबड्यावरून पडलें, कारण त्यांच्या रेषाच त्या रंगांच्या होत्या.

आतां ग्रहणाकडे वळूं. आमच्या तालुक्याला ग्रहण आणि अध्ययन यांचा संबंध नवा नाहीं. पाटण येथील शिलालेखांत भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां त्यांचा नातू चांगदेव यानें काढलेल्या मठाला शके ११२८ मध्यें दान दिल्याचें नमूद आहे, व तें दान चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिलेलें आहे. त्यानंतर साडेसहाशें वर्षांनीं, १८ ऑगस्ट १८६८ रोजीं, खग्रास सूर्यग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून गेली. फ्रेंच ज्योतिषी जानसेन गुंटूरला, पॉगसन मच्छलीपट्टणास आणि लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस दुर्बिणी लावून बसले होते. सूर्यबिंब झांकल्यावर कडेला ज्या ज्वाला दिसतात त्यांच्या वर्णपटांत त्यांना तेजस्वी रेषा आढळल्या. त्यांपैकीं एक पिवळसर होती. ती सोडियमचीच असावी, असें बहुतेकांनीं धरून चालविलें.

त्या दिवशीं नॉर्मन लॉक्यर कोठें होते ? इंग्लंडांत. त्यांचें नवें यंत्र तयार होऊन हातीं आलें तें ऑक्टोबरांत, आणि २० तारखेस त्यांनीं ग्रहणावांचूनच त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जानसेन यांनींही ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीं गुंटूरला तेंच साधलें होतें. पुढें बारीक मोजणी झाली. सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर, ही ५८७.६. फरक केवढासा, पण सारा शोध त्या फरकांत आहे. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची ही रेषा नव्हती. म्हणून सूर्याच्या ग्रीक नांवावरून 'हेलियम' हें नांव निघालें व १८७१ सालीं विल्यम थॉमसन यांनीं तें एडिंबरोच्या विद्वत्सभेंत उच्चारलें. हा धातु असावा, या समजुतीनें नांवाला धातूंचा 'इयम' हा प्रत्यय लागला. त्याच्याच कुळांतील निऑन, आर्गॉन वगैरे वायूंना 'ऑन' आहे. हेलियम तेवढा चुकीचें आडनांव लावून बसला आहे!

रसायनशास्त्री मात्र मान डोलवीनात. जें बाटलींत धरतां येत नाहीं त्याला मूलद्रव्य कसें म्हणावें ? अखेर मार्च १८९५ मध्यें विल्यम रॅम्झे लंडनांत क्लेव्हाइट नांवाचें युरेनियमयुक्त खनिज अम्लांत तापवून आर्गॉन शोधीत असतां, निघालेल्या वायूंत तीच पिवळी रेषा चमकली. सूर्यांतला पाहुणा सत्तावीस वर्षांनीं पृथ्वीवर सांपडला.

मग विजयदुर्गाचे ओटे कशाचे ? तेही खोटे नाहींत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं लॉक्यर खरोखरच विजयदुर्गास आले व मेल्पोमीन या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. तेव्हां हेलियम बाटलींत येऊन जवळजवळ तीन वर्षें झालीं होतीं. तोच पुरुष, तसेंच ग्रहण, आणि मध्यें तीस वर्षें. लोकांच्या स्मरणांत दोन्ही ग्रहणें एक झालीं, यांत नवल नाहीं.

त्याच दिवशीं पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं सोलापुराकडील जेऊर येथें वेध घेतले. आपल्या माणसांचा खरा मान हवा असेल तर तो येथें आहे. पण तेथें टाळ्या वाजवावयास कोणी जात नाहीं.

त्या ग्रहणांत सर्वांचें लक्ष एका हिरव्या रेषेवर होतें. प्रभामंडलांतील ही रेषा १८६९ पासून ठाऊक होती व हेलियमच्याच धर्तीवर तिच्या द्रव्याला 'कोरोनियम' असें नांवही देऊन टाकलें होतें. १८९८ च्या छायाचित्रांवरून तिची जागा दुरुस्त झाली. द्रव्य मात्र मिळेना. पुढें १९४० च्या सुमारास स्वीडनच्या एडलेन यांनीं दाखविलें कीं, ती रेषा आपल्या रोजच्या लोखंडाचीच आहे. अतिशय उष्णतेनें त्याच्या अणूंतील तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, एवढेंच. नांव राहिलें, द्रव्य गेलें. आतां आंतरराष्ट्रीय रसायनसंघ आधीं पुरावा तपासतो व मग शोधकांस नांव सुचवूं देतो. जपानी शोधकांच्या ११३ व्या मूलद्रव्याचा दावा २०१५ च्या अखेरीस मान्य झाला. 'निहोनियम' हें नांव कायम झालें तें नोव्हेंबर २०१६ मध्यें.

हें सर्व ऐकून तो विद्यार्थी थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे मामांचे ओटे खरे, साल चुकलें." त्यानें मामांस तसें पत्र लिहिलें आहे, उत्तर अजून आलेलें नाहीं.